श्वानदंश व पशुस्वामीचे दायित्व

पाळीव कुत्रा चावल्याने झालेल्या इजेबद्दल त्याच्या मालकावर येणारी कायदेशीर जबाबदारी. श्वानदंशामुळे त्वचा व स्नायू फाटतात, खोल जखमेत जंतुसंसर्ग होतो आणि कुत्र्यास अलर्क रोग (पिसाळ रोग) झालेला असून दंशानंतर वेळीच लस टोचली न गेल्यास मृत्यूही ओढवतो. लहान मुलांच्या बाबतीत चेहरा, डोके व मान या भागांना दंश होण्याचा संभव अधिक असतो. या हानीचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न विधीइतकाच जुना आहे. मालकाला आपल्या कुत्र्याच्या दुष्ट स्वभावाची पूर्वकल्पना असली तरच तो जबाबदार, की कुत्रा त्याचा आहे एवढेच पुरेसे, हा त्यातील मुख्य वादाचा मुद्दा होय.

यासंबंधीचा एक अतिप्राचीन नियम मेसोपोटेमियातील एश्नुन्ना राज्याच्या विधिनियमांत (इ. स. पू. सु. अठरावे शतक) आढळतो. त्यांच्या मृत्तिकापट्टिका बगदादजवळील तेल हरमल येथे १९४५ व १९४७ मध्ये सापडल्या. कुत्रा पिसाळल्याची सूचना अधिकाऱ्यांनी देऊनही मालकाने तो आवरला नाही आणि त्याच्या दंशाने मनुष्य मेला, तर मालकास ४० शेकेल चांदी द्यावी लागे. मृत व्यक्ती गुलाम असल्यास १५ शेकेल. म्हणजे पूर्वसूचना हाच येथे दायित्वाचा पाया होता.

प्राचीन भारतीय धर्मशास्त्राने वेगळी कसोटी लावली. कौटिलीय अर्थशास्त्र व याज्ञवल्क्यस्मृति यांनुसार शिंगे वा दाढा असलेल्या पशूने कोणास इजा करीत असता त्याची सुटका न करणाऱ्या धन्यास पहिला साहसदंड व पीडिताने आक्रोश करूनही तो स्वस्थ राहिल्यास दुप्पट दंड सांगितला आहे. रोमन विधीत पशूने केलेल्या हानीबद्दल मालकाने भरपाई द्यावी किंवा तो पशूच पीडिताच्या स्वाधीन करावा, असा नियम होता. शिवाय सार्वजनिक रस्त्यालगत कुत्रा वा हिंस्र पशू ठेवण्यास ईडाइल या दंडाधिकाऱ्यांच्या आज्ञेने मनाई होती.

इंग्लंडमधील कॉमन लॉने मात्र पूर्वज्ञानाचा पुरावा आवश्यक मानला. त्यामुळे कुत्र्याचा पहिला दंश बहुधा पीडितालाच सोसावा लागे. १८५५ मध्ये एका स्कॉटिश दाव्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने मेंढ्या मारणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू केले. तेव्हा पशुपालकांच्या हितासाठी संसदेने स्कॉटलंडकरिता १८६३ मध्ये व इंग्लंडकरिता १८६५ मध्ये कायदे करून गुरे व मेंढ्या यांच्या हानीपुरती ही अट काढून टाकली. माणसांना झालेल्या दंशाबाबत ती कायम राहिली. मेंढीच्या मालकास जे संरक्षण लाभले, ते दंश झालेल्या मुलास लाभले नाही. इंग्लंडच्या १९७१ च्या पशुविषयक अधिनियमातही हा भेद बऱ्याच अंशी टिकून आहे. स्कॉटलंडने १९८७ च्या अधिनियमान्वये कुत्र्याच्या चाव्याबद्दल पूर्वज्ञानाच्या पुराव्याची गरज ठेवली नाही. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने पशूच्या मालकास किंवा तो वापरणाऱ्यास सरळ जबाबदार धरले, तर जर्मनीने १९०८ च्या दुरुस्तीने उपजीविकेसाठी पाळलेल्या जनावरांच्या मालकास योग्य ती काळजी घेतल्याचे सिद्ध करून सुटण्याची मुभा दिली. हौसेच्या प्राण्यांना ती नाही.

भारतात १८६० च्या दंडसंहितेच्या कलम २८९ अन्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास धोका वा जबर दुखापत संभवत असता जाणूनबुजून वा हयगयीने पुरेसा बंदोबस्त न करणे हा अपराध होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ त्याच्या जागी आले असून सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे दंश प्रत्यक्ष घडलाच पाहिजे असे नाही. बंदोबस्तातील कसूर हाच अपराध होय. तथापि ही शिक्षा पीडिताच्या उपचारांचा खर्च आपोआप भरून काढीत नाही. भरपाईसाठी त्यास दिवाणी न्यायालयात अपकृत्य विधीखाली दावा लावावा लागतो. हा विधी भारतात संहिताबद्ध नसून मुख्यतः इंग्लिश तत्त्वांवर आधारलेला असल्याने, मालकाचे पूर्वज्ञान वा त्याची हयगय सिद्ध करण्याचे ओझे सामान्यतः पीडितावरच पडते.