रस्त्यावरचे पिल्लू घरी येते तेव्हा...

पावसाळा ओसरला की शहरांतील गल्लीबोळांत, बांधकामांच्या आवारात आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांखाली कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. रस्त्यावरच्या माद्या प्रामुख्याने पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने थंडीच्या तोंडावर पिल्ले जन्मतात. त्यांतील बरीचशी वाहनांखाली सापडून, उपासमारीने वा रोगाने पहिल्या काही महिन्यांतच दगावतात. थोडी कुणाच्या तरी नजरेस पडून घरात येतात. लंगडणारे, लूत लागलेले, डोळ्यांत चिपडे दाटलेले पिल्लू उचलून आणण्यास एक क्षण पुरतो. पुढची बारा-चौदा वर्षे त्या क्षणाच्या हिशेबात नसतात, आणि सारी अडचण तेथूनच सुरू होते.

आणल्याबरोबर त्याला गरम पाण्याने साबण लावून न्हाऊ घालणे ही बहुतेक घरांतील पहिली चूक. अशक्त पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही आणि ओल्या अंगाने ते आणखी गारठते. दुसरी चूक बशीभर गाईच्या दुधाची. दुधातील शर्करा न पचल्याने अनेक पिल्लांना जुलाब होतात, आणि आधीच शोष पडलेल्या पिल्लाला तेवढे निमित्त पुरते. कोरड्या फडक्याने पुसून, उबदार कोपऱ्यात खोक्यात ठेवून, थोडे थोडे पाणी व मऊ भात-चिकन किंवा पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य पाण्यात भिजवून द्यावे आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. घरात दुसरा कुत्रा असेल तर किमान दोन आठवडे दोघांना निरनिराळ्या खोल्यांत ठेवणे आवश्यक. रस्त्यावरून आलेले पिल्लू वरकरणी खेळकर असले तरी रोग अंगात मुरत असू शकतो.

या रोगांत सर्वांत निर्दयी पार्व्हो. १९७८ मध्ये हा विषाणू प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. दीड ते सहा महिन्यांच्या, लस न टोचलेल्या पिल्लांना तो गाठतो. सकाळी मलूल झालेले पिल्लू दुपारी उलट्या करते आणि रात्रीपर्यंत विशिष्ट दुर्गंधीचे, रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. विषाणू आतड्याचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी एकाच वेळी नष्ट करीत असल्याने पिल्लू शरीरातील पाणी संपून किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरून मरते. विषाणूवर थेट औषध सर्रास उपलब्ध नाही. सलाइन, उलटी थांबवणारी औषधे, प्रतिजैविके आणि तीन ते सात दिवसांची अखंड शुश्रूषा हाच उपचार. तो वेळेवर मिळाल्यास बहुसंख्य पिल्ले वाचतात, न मिळाल्यास बहुसंख्य मरतात. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून दही-भातावर काढलेली एक रात्र येथे निर्णायक ठरते.

पार्व्होचा दुसरा गुण त्याहून वाईट. हा विषाणू जमिनीवर, पायपुसण्यावर, बुटांच्या तळांवर महिनोन्महिने जिवंत राहतो. घरोघरी वापरले जाणारे फिनेल त्याच्या बाबतीत भरवशाचे नाही. जागा आधी स्वच्छ धुऊन मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी हे मिश्रण दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे लागते. ज्या घरात पिल्लू पार्व्होने गेले, तेथे दुःख विसरण्यासाठी लगेच दुसरे पिल्लू आणणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवणे होय. नव्याने आणायचेच असेल तर लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणावा.

डिस्टेम्परचे तसे नाही. हा विषाणू बाहेर फार काळ तगत नाही. पण कुत्र्याच्या शरीरात तो हळूहळू वरच्या मजल्याकडे सरकतो. आधी ताप, नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, खोकला. मग पिल्लू बरे झाले असे वाटत असतानाच काही आठवड्यांनी डोक्याचा किंवा पायाचा स्नायू ठेक्यात उडू लागतो, जबडा चघळल्यासारखा हलतो, झटके येतात. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रोगातून थोडीच पिल्ले तरतात. पण जी तरतात, त्यांचा उडणारा पाय वा डागाळलेले दात हे आयुष्यभराचे लेणे असले तरी ती धावतात, खातात, माणसांना ओळखतात. दत्तक घेणाऱ्याला हे आधी सांगितले, तर असे पिल्लूही घर मिळवू शकते.

लसीकरणाबाबत एक गैरसमज दृढ आहे. एक इंजेक्शन दिले म्हणजे काम झाले, असा तो समज. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्ये लसीला निष्प्रभ करतात आणि ती कोणत्या आठवड्यात ओसरतील हे पिल्लागणिक बदलते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, वयाचे सोळा आठवडे होईपर्यंत लस पुन्हा टोचावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुन्हा वर्षभराने. जंतांचे औषधही असेच पुनःपुन्हा द्यावे लागते, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. फुगलेले पोट आणि काड्यांसारखे पाय हे खाऊनपिऊन सुखी असण्याचे लक्षण नव्हे. हे जंत लहान मुलांनाही बाधू शकतात, तेव्हा हात धुण्याच्या शिस्तीला घरात सूट नसावी.

लूत दोन प्रकारची. एक संसर्गजन्य, जिने माणसालाही काही दिवस खाज सुटते. दुसरी प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याने बळावणारी, जी इतरांना लागत नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज दोहोंतला फरक डोळ्यांना कळत नाही. गॅरेजमधील जळके ऑइल फासण्याचा प्रकार अजूनही पाहायला मिळतो; ते चाटल्याने पोटात जाते आणि कातडीतूनही विषबाधा करते. आता मिळणाऱ्या गोळ्यांनी दोन्ही प्रकार आटोक्यात येतात आणि दोन-तीन महिन्यांत केस परत येतात. गोचिडांमुळे होणारे रक्तातील आजार आपल्या हवेत नित्याचे आहेत. फिक्या हिरड्या, न उतरणारा ताप किंवा नाकातून रक्त दिसल्यास रक्ततपासणी टाळू नये. घरातील पॅरासिटामॉलची किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र कदापि देऊ नये. माणसाला साधी वाटणारी ही औषधे कुत्र्याचे यकृत, जठर वा मूत्रपिंड निकामी करू शकतात.

रेबीजचा प्रश्न

पिल्लू निरागस दिसते म्हणून ते रेबीजमुक्त असतेच असे नाही. चावा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने जातात. बदललेला घोगरा आवाज, गळणारी लाळ, लोंबणारा जबडा आणि गिळता न येणे ही लक्षणे पाहून घशात हाड अडकले असावे, अशा समजुतीने तोंडात हात घालणारी माणसे आजही आहेत. लस न टोचलेल्या पिल्लाचा दात किंवा रक्त निघेल असे नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, मिरची, चुना काहीही लावू नये. चावणारा कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानले जाते. परंतु त्या दहा दिवसांची वाट पाहत उपचार लांबवणे ही जिवावरची जोखीम आहे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ केव्हाच मागे पडला. आता दंडावर चार किंवा पाच भेटींत लस पूर्ण होते आणि जखम खोल असल्यास तिच्याभोवती प्रतिपिंडे दिली जातात. लक्षणे सुरू झाल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो.

‘वाकडे शेपूट’ आणि वर्तन

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण ज्याने रचली त्याने बहुधा चार महिन्यांनंतर नळी हाती घेतली असावी. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांवर प्रदीर्घ संशोधन करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातील अनुभव कुत्र्याच्या सामाजिक स्वभावाचा पाया घालतात, हा त्याचा गाभा. या काळात ज्याची ओळख झाली ते नेहमीचे, उरलेले सगळे संशयास्पद. रस्त्यावरील पिल्लाला ट्रकचा हॉर्न ठाऊक असतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, लिफ्टचे दार आणि गुळगुळीत फरशी त्याने कधी अनुभवलेली नसते. आजारी पिल्लाच्या बाबतीत पेच असा की, हेच आठवडे त्याला संसर्ग टाळण्यासाठी कोंडून ठेवण्याचेही असतात. यातून मार्ग निघतो. जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन त्याला गॅलरीत, जिन्यात, सोसायटीच्या फाटकाशी न्यावे. छत्रीवाला, चष्मेवाला, शाळेतील मुले दुरून दाखवावीत आणि प्रत्येक वेळी एखादा घास द्यावा.

उपासमार भोगलेले पिल्लू भांड्यावर वाकून गुरगुरते तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी ‘आताच वठणीवर आणा’ असा सल्ला देतात. भांडे काढून घेणे, फटका मारणे यातून पिल्लू एवढेच शिकते की हात जवळ आला की अन्न जाते. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढे सूचना न देता चावणारा कुत्रा तयार होतो. त्याऐवजी जवळून जाताना भांड्यात अधिक चांगला तुकडा टाकावा, दिवसचे दिवस, म्हणजे हाताची वाट पाहिली जाऊ लागते. लहान मुलांना जेवत्या पिल्लापासून दूर ठेवणे हे मात्र शिकवण्यावर सोडू नये. तेथे बंद दारच हवे.

फार लवकर आईपासून तुटलेल्या पिल्लाला दातांचा जोर किती असावा हे भावंडांनी शिकवलेले नसते. ते हात, पायजमा, साडीचा पदर धरते. ओरडून हात झटकला की तो त्याला खेळच वाटतो. खेळ थांबवून उठून जाणे अधिक परिणामकारक. शौचाच्या सवयीसाठी झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी नेणे आणि तेथे शाबासकी देणे पुरते. जुनी वर्तमानपत्रे पसरण्याची पद्धत चालते, जरी वर्तमानपत्राने स्वतःचा असा उपयोग सुचवणे थोडे विचित्रच. घाणीत नाक घासण्याची शिक्षा निरुपयोगी आहे.

एकटे सोडताच दार ओरबाडणे, रडणे, लाळ गाळणे हे घर मिळून पुन्हा गमावलेल्या कुत्र्यांत वारंवार दिसते. पहिल्या आठवड्यात रजा घेऊन चोवीस तास सोबत राहिलेले कुटुंब आठव्या दिवशी एकदम दहा तास बाहेर जाते, तेव्हा हा त्रास हमखास उद्भवतो. पहिल्या दिवसापासून पाच मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास अशी सवय लावावी. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्य औषधही देऊ शकतात, आणि त्यात कमीपणा नाही. शांत कुत्रा अचानक चावू लागला, तर आधी कान, दात आणि सांधे तपासावेत. वेदना बोलून दाखवता येत नाही तेव्हा ती दातांतून व्यक्त होते.

दुसरे घर शोधताना

ज्याने पिल्लू उचलले त्यालाच ते कायम ठेवता येईल असे नाही. बदली, बाळाचा दमा, भाड्याचे घर, वृद्ध आईवडील, किंवा घरातील जुन्या कुत्र्याशी न जुळणे ही खरी कारणे आहेत. विचारपूर्वक दुसरे घर शोधणे यात क्रौर्य नाही. दोष लपवण्यात आहे. चावल्याचा इतिहास दडवून दिलेला कुत्रा बहुधा महिन्याभरात परत येतो किंवा रस्त्यावर जातो, आणि प्रत्येक फेरीनंतर त्याचा माणसावरचा विश्वास घटतो. घरात वाढलेला कुत्रा ‘मूळच्या जागी’ सोडणे ही तर शुद्ध आत्मवंचना. त्या गल्लीवर आता दुसऱ्या टोळीचा हक्क असतो.

उपासमार व्हावी अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कायद्यात लिहिलेला दंड १० ते ५० रुपयांचा, हे वाचून कुणाला धाक वाटेल अशी अपेक्षा करणे कठीण. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा देताना, असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. सोसायटीच्या बैठकीत बहुमताने कुत्रा पाळण्यास बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. जिन्यातील घाण उचलणे मात्र मालकाचेच काम. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत पालिकेचा परवानाही काढावा लागतो.

देणाऱ्याने घेणाऱ्याचे घर पाहून यावे. खिडक्यांना जाळी आहे का, दिवसा कोण असते, उपचारांचा खर्च कोण करणार, घरमालकाची संमती आहे का, हे विचारताना संकोच नको. ‘मादीच हवी, नसबंदी न केलेली’ असा आग्रह धरणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. लसीकरणाची नोंदवही, झालेल्या आजारांची कागदपत्रे, चालू औषधे आणि वाईट सवयींची यादी लेखी द्यावी. न जमल्यास कुत्रा ज्याने दिला त्याच्याकडेच परत येईल, ही अट त्याच कागदावर असावी.

नव्या घराला पिल्लासोबत त्याचे जुने, न धुतलेले अंथरूण आणि आठवडाभराचे नेहमीचे खाद्य द्यावे. घर आणि अन्न एकाच दिवशी बदलले की पोट बिघडतेच. पहिल्या रात्री ते रडते. त्याला स्वयंपाकघरात कोंडण्यापेक्षा अंथरुणाचे खोके पलंगाशेजारी ठेवून हात खाली सोडला, तर बहुतेक पिल्ले अर्ध्या तासात झोपतात.