धावपट्टीवरची जुनी गाडी

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक एका दिवसापुरता हौशी लोकांना खुला होतो, पैसे भरून मालक आपापली गाडी आणतात आणि ठरलेल्या पाळ्यांमध्ये ती जमेल तेवढ्या वेगाने पळवतात. अधिकृत वेळ नोंदवली जात नाही, नंबर काढले जात नाहीत. बहुतेक ठिकाणी पुढच्या चालकाने हाताने वाट दिल्याशिवाय त्याला ओलांडताही येत नाही. या असल्या दिवसासाठी वीस-तीस वर्षे वापरलेली स्पोर्ट्‌स कार विकत घ्यायची आणि ती मोकळी करून नव्याने जुळवायची, हा आज युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये रुळलेला छंद आहे. त्याचा इतिहास पाहिला तर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. गाडी नेहमी त्या काळात पडेल भावाने मिळणारी असते, आणि कामात बसवण्यापेक्षा काढण्याचा भाग मोठा असतो.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली ती कायद्यामुळे. 1903 च्या कायद्याने तिथल्या रस्त्यांवर ताशी 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर, एवढीच वेगमर्यादा होती आणि ती 1930 पर्यंत टिकली. मोटारीचा खरा वेग पाहायला जागाच नव्हती. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यात वेब्रिजजवळ स्वतःच्या जमिनीवर कलत्या कडांचा काँक्रीटचा ट्रॅक बांधला. हाच 1907 मध्ये सुरू झालेला ब्रुकलँड्स. एक फेरी साडेचार किलोमीटरच्या आसपास होती. शर्यत नसलेल्या दिवशी फी भरून खासगी मालकांनाही तिथे गाडी पळवता येई. ट्रॅक डेच्या आयोजकांची आजची मोठी डोकेदुखीही तिथेच जन्मली. आवाजाला कंटाळलेले शेजारी 1920 च्या दशकात कोर्टाची पायरी चढले आणि ब्रुकलँड्सवर येणाऱ्या गाड्यांना मोठा, ठरावीक घडणीचा सायलेन्सर सक्तीचा झाला. आजही अनेक ट्रॅकवर सकाळी गाडी आत सोडण्यापूर्वी एक माणूस नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, 45 अंशांच्या कोनात मीटर धरून उभा असतो. मर्यादेपेक्षा आवाज जास्त भरला की दिवस तिथेच संपतो.

जर्मनीत आयफेलच्या डोंगराळ भागात 1927 मध्ये न्युर्बुर्गरिंग सुरू झाला. तिथे टोल भरून सामान्य माणसाने गाडी घालायची सोय पहिल्यापासून होती आणि उत्तरेकडच्या सुमारे 21 किलोमीटरच्या वळणदार भागावर ती आजही आहे. तरी जुनी गाडी उघडून तिचे वेगळेच काहीतरी करण्याची परंपरा जर्मनीत नव्हे, इंग्लंडमधल्या गरिबीत वाढली.

त्या परंपरेचे मूळ ऑस्टिन सेव्हन ही गाडी. हर्बर्ट ऑस्टिन यांनी 1922 मध्ये आणलेल्या या चिमुकल्या गाडीचे इंजिन 747 सीसीचे होते आणि 1939 पर्यंत तिच्या सुमारे 2 लाख 90 हजार प्रती निघाल्या. इतक्या संख्येने निघालेली गाडी पुढे भंगारात पडून राहणार, हे ठरलेलेच. तिची चासी इंग्रजी ए अक्षरासारखी, साधी. वरची बॉडी बोल्ट काढले की उचलता येई. महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडमधल्या कितीतरी तरुणांनी सडलेली बॉडी फेकून दिली, मडगार्ड आणि टप उतरवला, उरलेल्या सांगाड्यावर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला आणि त्याला ‘स्पेशल’ म्हटले. त्यांना एकत्र आणणारा 750 मोटर क्लब 1939 मध्ये निघाला. कॉलिन चॅपमन यांनी 1948 मध्ये बनवलेली पहिली गाडी म्हणजे अशीच एक ऑस्टिन सेव्हन. तिच्यातूनच पुढे लोटस कंपनी उभी राहिली. मिनीचे जनक अलेक इसिगोनिस यांच्या शर्यतीच्या हलक्या गाडीतही याच ऑस्टिनचे भाग होते, आणि न्यूझीलंडच्या ब्रूस मॅकलॅरन यांनी पोरवयात पहिली स्पर्धा केली तीही ऑस्टिन सेव्हनवरच. एका भंगारयोग्य गाडीने इतके अभियंते घडवल्याचे दुसरे उदाहरण मोटारीच्या इतिहासात सापडणे अवघड आहे.

गाड्या होत्या, पण युद्धानंतर त्या पळवायच्या कुठे? ब्रुकलँड्स विमानांच्या कारखान्यांनी गिळला होता आणि तिथे पुन्हा शर्यत झाली नाही. उत्तर मिळाले विमानतळांवर. युद्धासाठी घाईघाईने बांधलेल्या धावपट्ट्या आणि त्यांच्या कडेने फिरणारे रस्ते एकदम रिकामे पडले होते. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड या दोन्ही जागी 1948 मध्ये शर्यती सुरू झाल्या. स्नेटर्टन, कासल कूम आणि थ्रक्स्टन यांचाही जन्म विमानतळांवरच झाला. डांबर सपाट, कडेला झाडे नाहीत, चुकले तर गवतात जाऊन थांबायचे, ही या जागांची देणगी. नवशिक्या चालकाला आपल्या गाडीची मर्यादा चाचपता येते ती या मोकळ्या गवतामुळे. न्युर्बुर्गरिंगवर ती चैन नाही. तिथे रस्ता संपला की लोखंडी कठडा.

चॅपमन यांनी 1957 मध्ये आणलेली लोटस सेव्हन जेमतेम अर्ध्या टनाची होती आणि सुट्या भागांच्या संचात विकली जाई, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. जुळणीची माहितीपुस्तिका सोबत देता येत नव्हती. म्हणून कंपनी गाडी ‘उघडण्याच्या’ सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचत जाई, असे सांगितले जाते. किस्सा जरा जास्तच घोटीव आहे, पण घरच्या शेडमध्ये पाने हातात धरून गाडी जुळवणारी पिढी या संचांनी तयार केली, हे खरे. याच गाडीचे हक्क 1973 मध्ये केटरहॅमकडे गेले आणि तिचे उत्पादन आजही चालू आहे.

‘ट्रॅक डे’ या नावाने हे दिवस विकले जाऊ लागले ते 1980 आणि 1990 च्या दशकांत. रस्त्यांवर गर्दी आणि पोलिसांचे कॅमेरे वाढले, गाड्यांची ताकदही वाढली. शिवाय आठवडाभर रिकामा पडणारा ट्रॅक मालकालाही परवडत नव्हता. अमेरिकेत हीच गोष्ट गाड्यांच्या क्लबांनी शिकवणीच्या रूपाने केली: शेजारच्या सीटवर प्रशिक्षक, आधी वर्ग, मग ट्रॅक. या गर्दीत मालक ज्या जुन्या स्पोर्ट्‌स कार आणू लागले त्यांत 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक निघालेली एमजीबी होती, मागच्या चाकांपाशी गिअरबॉक्स असल्याने तोल सांभाळणारी पोर्श 944 होती. पण ऑस्टिन सेव्हनची जागा खऱ्या अर्थाने घेतली ती एका जपानी गाडीने.

माझ्दाची एमएक्स-5 फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली गेली. अमेरिकेत ती मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोन सीट, कापडी टप. वजन 950 किलोच्या आसपास, 1.6 लिटरचे इंजिन आणि सुमारे 115 अश्वशक्ती. लोटस एलानसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीची चाल, पण तेलगळती आणि बिघडलेल्या वायरिंगची कटकट नाही. चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन आहे आणि गिअरबॉक्स व डिफरन्शिअल यांना जोडणारी लांब तुळई असल्याने गाडी एकसंध वागते. 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 बाहेर पडली. इतकी संख्या म्हणजे स्वस्त जुनी गाडी आणि मुबलक सुटे भाग. अमेरिकेतल्या स्पोर्ट्‌स कार क्लबाने याच गाडीसाठी ‘स्पेक मियाटा’ हा शर्यतीचा स्वतंत्र वर्ग केला.

अशी गाडी ट्रॅकसाठी तयार करताना नवख्याचा हात आधी इंजिनाकडे जातो, आणि तिथेच पैसा वाया जातो. ट्रॅकवर प्रथम शरण जातात ते ब्रेक. हजार किलोची गाडी ताशी 160 किलोमीटरवरून 80 वर आणली की सुमारे साडेसात लाख ज्यूल ऊर्जा चार चकत्यांत उष्णता होऊन उतरते. दोन लिटरहून अधिक पाणी उकळायला ती पुरेल, आणि हे मिनिटाला कित्येकदा घडते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट 4 दर्जाचे ताजे ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हाच किमान आकडा 155 अंश सेल्सिअस आहे. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की ते दाबले जातात, ऑइल मात्र पुढे ढकलले जात नाही. चौथ्या-पाचव्या फेरीत सरळ पट्ट्याच्या टोकाशी पाय दाबावा आणि पॅडल स्पंजासारखे खाली जात राहावे, हा अनुभव आला की माणूस अश्वशक्तीचा विषय काढत नाही. म्हणून पहिली खरेदी ताजे ऑइल आणि जास्त तापमान सोसणारे पॅड यांची. 1.6 लिटरच्या गाडीचे मालक नंतरच्या 1.8 लिटरच्या एमएक्स-5 चे मोठे ब्रेक बसवतात. तेवढ्यासाठी नवे काही घडवावे लागत नाही.

दुसरा नंबर थंडाव्याचा. एमएक्स-5 च्या इंजिनाच्या बाबतीत एक गंमत आहे. त्याचा मूळ आराखडा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी, आडव्या बसवणीचा. तिथे तापलेले पाणी हेडच्या मागच्या टोकातून बाहेर पडे. एमएक्स-5 मध्ये इंजिन उभे बसले, मागे केबिनची भिंत आली आणि पाण्याची वाट पुढच्या टोकाला न्यावी लागली. परिणामी मागचा चौथा सिलिंडर इतरांपेक्षा तापतो. रस्त्यावर ते जाणवत नाही, ट्रॅकवर महागात पडते. पाण्याची वाट पुन्हा मागून काढणारे किट त्यामुळेच विकले जाते. जुना रेडिएटर तपासण्याची खूणही सर्वांना पाठ झाली आहे: वरची काळी प्लॅस्टिकची टाकी तपकिरी पडू लागली की तिचे दिवस भरले. पहिल्या एक-दोन वर्षांतल्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते आणि पुली बसवण्याची खाच झिजे. विकत घेताना जाणकार आधी तेच विचारतो. मग उंबरठ्याच्या पत्र्याखाली, मागच्या चाकाजवळ, बोटाने ठोकून पाहतो. टपावरचे पाणी वाहून नेणारी नळी तिथेच उतरते. ती तुंबली की पत्रा आतून सडतो.

यानंतरचे काम उतरवण्याचे. कार्पेट, एसी, रेडिओ, स्टेपनी, दारांची अस्तरे हे सहज निघते. फरशीवर आवाज मारण्यासाठी चिकटवलेले डांबरी थर मात्र चिवट. त्यांवर कोरडा बर्फ पसरतात. थर गारठून ठिसूळ होतो आणि हातोडीच्या हलक्या टोल्याने पापडासारखा तुटतो. मिळणारा फायदा थोड्या किलोंचा, घाम मात्र दिवसभराचा. तरी हे काम कोणी टाळत नाही. सस्पेन्शनमधले पिचलेले रबरी बुश बदलणे, शॉक ॲब्सॉर्बर बदलणे आणि चाकांचे कोन नव्याने लावणे, एवढ्याने गाडीचा स्वभाव पालटतो.

सुरक्षेत तडजोड चालत नाही. टप नसलेली गाडी उलटली तर चालक आणि डांबर यांच्यामध्ये काही नसते, म्हणून सीटमागे लोखंडी कमान बसवतात. तपासणी अगदी साधी: कमानीच्या माथ्यावरून पुढच्या काचेच्या चौकटीवर सरळ काठी ठेवायची, चालकाचे हेल्मेट तिच्या खाली राहिले पाहिजे. उंच माणसाला त्यासाठी सीटचे रुळ काढून ती फरशीलाच जखडावी लागते.

भारतात या छंदाची वाट वेगळी होती. चेन्नईजवळच्या शोलावरम इथे युद्धकाळातल्या धावपट्टीवर अनेक दशके शर्यती झाल्या. आयात स्पोर्ट्‌स कार संस्थानिकांना आणि उद्योगपतींना परवडत. बाकीचे सुधारून घेत ते मुंबईत कुर्ल्याला जुळलेली फियाट, नाहीतर हेरल्ड. 1990 पासून चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टई इथे बांधीव ट्रॅक आहे, 2011 पासून ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट. महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला दोन्ही दूरच. अडचण कायद्याचीही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे इथे खरी ट्रॅकची गाडी रस्त्याची राहत नाही. ती ट्रेलरवरून न्यावी लागते.

इकडे एमएक्स-5 च्या पहिल्या पिढीची पडेल भावाची वर्षे सरत आली आहेत. माझ्दाने जपानमध्ये तिच्यासाठी जीर्णोद्धाराची सेवा सुरू केली आणि बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. युद्धानंतर फेकून दिलेल्या ऑस्टिन सेव्हनच्या बॉडीचे आज संग्राहक काय मोल करतात, हे मालकांना दिसते आहे. त्यामुळे वेल्डिंग करून कायमचा लोखंडी पिंजरा बसवण्याऐवजी बोल्टने बसणारी, पुन्हा काढता येणारी कमान पसंत केली जाते. पिंजऱ्यासाठी सुस्थितीतली गाडी कापायची तर लोक आता दहादा विचार करतात. उतरवलेले कार्पेट, मूळ सीट आणि टप खोक्यांत भरून, वर गाडीचा नंबर लिहून, माळ्यावर ठेवले जातात.