जबड्याचा सांधा: अंगठा, पट्टी आणि प्रकाश

१/ कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली येथे खासबाग मैदान उभारले. तालमीत निखळलेला सांधा बसवणे हेही वस्तादांच्या विद्येचे एक अंग मानले जाई. कानापुढचा जबड्याचा सांधा मात्र आखाड्यात कधीही न उतरलेल्यांनाही छळतो. त्याच्या उपचारांचा हा इतिहास.

२/ हा सांधा निव्वळ बिजागरीसारखा फिरत नाही. तोंड मोठे उघडताना तो पुढेही सरकतो. हाडांच्या मध्ये एक चकती असते. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येऊ शकतो. स्नायू आखडले की भाकरीचा घास चावणेही जड जाते.

३/ निखळलेला जबडा बसवण्याची रीत फार जुनी. इ.स.पू. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसात ती आढळते. चरकसंहितेच्या वातव्याधी-अध्यायात जबडा शेकून, अंगठ्यांनी दाबून, तर्जनींनी हनुवटी वर उचलण्यास सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत त्यानंतर ‘पंचांगी’ बंध बांधण्याचा आदेश आहे.

४/ परंतु जबडा निखळणे वेगळे आणि तो वर्षानुवर्षे दुखत राहणे वेगळे. या दुसऱ्या व्याधीचे खापर विसाव्या शतकात दातांवर फुटले. १९३४ साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अवघ्या ११ रुग्णांच्या आधारे मत मांडले: मागचे दात पडले की जबडा जास्त मिटतो आणि सांध्याभोवतीचे भाग दाबले जातात.

५/ मग दातांची उंची वाढवणे हाच उपाय ठरला. दातांवर बसणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, झोपेत दात खाणाऱ्यांसाठी त्याआधीपासून सुचवली जात होती; आता तिला नवे महत्त्व आले. पट्टी काढून ठेवता येते. पण त्याच विचारातून निरोगी दातही घासले जाऊ लागले, आणि घासलेला दात पुन्हा उगवत नाही.

६/ १९४८ साली शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिकर यांनी कॉस्टेन यांची उपपत्ती शरीररचनेच्या कसोटीवर टिकत नसल्याचे दाखवले. १९६९ साली डॅनियल लास्किन यांनी स्नायू आणि मानसिक ताण यांकडे लक्ष वेधले. पुढे १९७२ च्या एका अभ्यासात दातांच्या चाव्यात मुळीच न येणाऱ्या बनावट पट्टीनेही काही रुग्णांना आराम पडल्याचे दिसले.

७/ तरीही घाई थांबली नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेकांच्या सांध्यात टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसवल्या गेल्या. त्या झिजल्या आणि त्यांच्या कणांमुळे भोवतालचे हाड खंगले. १९९०-९१ मध्ये तेथील औषध प्रशासनाला धोक्याचा इशारा देऊन त्या परत मागवाव्या लागल्या.

८/ प्रकाशाची वाट निराळी. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांना मंद लेझर दिलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवताना दिसले. जबड्यावर आज वापरला जाणारा तांबडा व अवरक्त प्रकाश याच परंपरेतला. तो पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना देतो, असे मानतात.

९/ २०२३ साली ‘बीएमजे’मध्ये दीर्घकालीन जबडेदुखीविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिने सर्वाधिक भर दिला तो जबड्याचे व्यायाम, तज्ज्ञ हातांनी केलेली हालचाल, समुपदेशन आणि स्वतः घ्यायची काळजी यांवर. काढता येणारी पट्टी आणि मंद लेझर यांच्या विरुद्ध तिचा कौल सौम्य होता. चावा कायमचा बदलणाऱ्या पट्ट्यांना मात्र तिने ठाम नकार दिला.

१०/ पट्टी वा प्रकाश यांचा लाभ मर्यादित ठरला, तरी ते थांबवता येतात. घासलेले दात आणि खंगलेले हाड रुग्णाला जन्मभर वागवावे लागते. म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वी कोल्हापूरच्या रुग्णानेही एक प्रश्न विचारावा: ‘डॉक्टर, गुण आला नाही तर हे पूर्ववत करता येईल ना?’