दिनविशेष – १ जानेवारी : लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा

१ जानेवारी १८६३ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. नववर्षाच्या समारंभात तासन्‌तास हस्तांदोलन करून त्यांचा हात थरथरत होता. सही डळमळीत दिसली तर लोक आपला निश्चयच कच्चा समजतील, म्हणून त्यांनी क्षणभर थांबून सावकाश पूर्ण नाव लिहिले. बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त जाहीर झाले, कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली. देशभर गुलामगिरीवर बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने.

या सहीचे मोल महाराष्ट्राने लवकर ओळखले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. अर्पण होते जनतेला. कारण हुकूम सत्ताधीश काढतो, तो पाळायचा मात्र समाजाने.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली. तरीही उचल फिटेपर्यंत उसाच्या फडात अडकलेले मजूर आहेत, छत्तीसगडमधून परराज्यांतल्या वीटभट्ट्यांवर जाणारी कर्जबाजारी कुटुंबे आहेत. त्यांच्या मजुरीचा हिशेब चोख ठेवणे आणि त्यांची वाट मोकळी करणे, हे आजही आपल्या सर्वांचे काम आहे.