रजईवरील तेलाचा डाग

माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांनी गोधडी सोडली नाही. पण येथील थंडीपुढे तिच्या जोडीला रजई घेतली. दोहोंतील भेद डाग पडला म्हणजे कळतो. जुन्या लुगड्यांचे थर टाचून केलेली गोधडी नदीवर नेऊन बडवता येते. रजई भिजली की आतल्या पिंजलेल्या कापसाचे गोळे होतात. म्हणून रजईवर तुपाचा थेंब सांडला की डाळीचे पीठ किंवा मुलतानी माती त्यावर दाबून ठेवीत. तिने तूप शोषले की झटकून टाकीत, उरल्या जागी रिठ्याचा फेस बोटाने लावीत आणि ओल्या फडक्याने टिपून घेत. पाणी कापसापर्यंत पोहोचू द्यायचे नाही, हे त्यातील मर्म.

ही युक्ती आजीबाईंची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तिची वंशावळ मोठी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आला आहे. रेशीम व लोकर खाऱ्या मातीने, कुतप नावाचे कांबळे रिठ्यांनी, तलम अंशुपट्ट बेलफळांनी आणि जवसाच्या धाग्याचे क्षौम पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावे, असे तेथे सांगितले आहे. याज्ञवल्क्यही थोड्या फरकाने हेच म्हणतो. स्मृतिकारांचा रोख धर्मशुद्धीवर आहे हे खरे. परंतु वस्त्राच्या जातीप्रमाणे द्रव्य बदलावे, ही दृष्टी आम्हांस धर्मशास्त्र्याची वाटत नाही, प्रत्यक्ष धुणाऱ्याची वाटते. कौटिल्य तर लाकडी फळी किंवा गुळगुळीत शिळा सोडून अन्यत्र कपडे धुणाऱ्या रजकाकडून नुकसानभरपाई घेऊन वर सहा पण दंड ठोठावतो!

रिठ्यातील सॅपोनिन तेलाचे बारीक कण सुटे करून पाण्यात तरंगते ठेवते आणि रेशमाचा पोतही राखते. खाऱ्या मातीतील सोडा तेलातल्या आम्लांशी मिळून थोडासा साबणच तयार करतो. पण क्षार तीव्र झाला तर रेशीम व लोकर दोन्ही खातो. मनूने नेमकी हीच वस्त्रे तिच्या स्वाधीन का केली, याचे नवल वाटते. ती माती फार पातळ कालवीत असावेत, एवढाच तर्क आम्ही करू शकतो.

पुढे १८८८ च्या सुमारास विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. १९५९ साली सर्फ आला, १९६९ साली अहमदाबादेत निरमा निघाला. श्रम वाचले, यात वाद नाही. मात्र प्रत्येक वस्त्राला वेगळे द्रव्य ही जाण त्या गडबडीत मागे पडली.

आमच्या घरी एका रजईचा अभ्रा आजीच्या लग्नातील रेशमी शालूचा होता. उशाकडील बाजूस तिच्या केसांच्या तिळेलाचा पिवळा डाग होता. तो काढण्याच्या हौसेने आम्हीच अभ्रा उसवला आणि बाजारातील धुण्याच्या पावडरीत, कढत पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. रेशीम हे प्रथिन, आणि त्या पावडरीत प्रथिने पचविणारी विकरे घातलेली, हे आम्ही मागाहून वाचले. डाग तर गेलाच नाही. वर्षानुवर्षे हवा लागून तेल राळेसारखे घट्ट झाले होते. शालू मात्र हातात घेताच विरू लागला. पिंजाऱ्याने कापूस पुन्हा पिंजून दिला, त्यावर साधे छापील कापड चढविले. शालूचा हातभर तुकडा तेवढा पेटीत आहे, आणि आजीच्या तेलाचा डाग त्याच तुकड्यावर आहे.