वायसर

मागच्या उन्हाळ्यात इथे मिलवॉकीत एका गराज सेलमध्ये चाळीस डॉलर देऊन एक जुनी एअरगन घेतली. विकणाऱ्या आजोबांनी इमानदारीत आधीच सांगून टाकलं, "हवा धरत नाही." शहाण्या माणसाने तिथेच नमस्कार करून निघायला हवं होतं. पण "हवा धरत नाही" हे वाक्य मी लहानपणी रोज दहा वेळा ऐकलेलं आहे. कराडला आमच्या आबांचं सायकलचं दुकान होतं. कुणी पंप घेऊन आलं की आबा दांडा ओढून, तोंडाशी अंगठा लावून एकदाच दाबायचे आणि म्हणायचे, "वायसर गेलाय." मग गोडेतेलाच्या वाटीत भिजत ठेवलेला चामड्याचा एक वायसर बाहेर यायचा, आणि दोन मिनिटांत पंप परत फुसफुसायला लागायचा. त्यामुळे आजोबांचं वाक्य ऐकल्यावर माझ्या तोंडून "घेतो" हे आपोआपच गेलं.

बंदूक शेरिडनची, ब्लू स्ट्रीक. मिलवॉकीपासून गाडीने तासाभरात येणाऱ्या रसीन गावात बनलेली. वर बॅरल, खाली पंपाची नळी, दोन्ही डाख लावून एकमेकींना जोडलेल्या, आणि अक्रोडाचा दस्ता. दस्त्याच्या पुढचा लाकडी भाग म्हणजेच पंपाचा दांडा. तो तीनपासून आठ वेळा मारायचा, नळीत हवा कोंडते, चाप ओढला की सगळी हवा एकदम छर्‍याच्या पाठीमागे. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायला असते ती स्प्रिंगची बंदूक वेगळी. तिच्यात हवा कोंडून ठेवायची भानगडच नाही, स्प्रिंग सुटते तेव्हाच हवा दाबली जाते. पंपाच्या बंदुकीने हवा *धरली* पाहिजे, आणि सगळा इतिहास या एका क्रियापदात आहे.

हवा न धरण्याची कारणं फक्त तीन. पंपाचा वायसर गेला असेल तर दांडा मारताना हाताला जोरच लागत नाही. आत येणारी झडप गळत असेल तर कोंडलेली हवा दांड्याला उलटा ढकलते. आणि बाहेर सोडणारी झडप गळत असेल तर बॅरलच्या तोंडाशी कान नेला... (कान नेऊ नका! बंदूक रिकामी असली तरी नको. तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा, बुडबुडा येतो.) माझ्या बंदुकीला बुडबुडा येत होता, पण अगदी हळू. दोन पंप मारून ठेवले की तासाभरात सगळं गायब.

आता इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला आणि मी माती खाल्ली. बुडबुडा दिसल्याबरोबर बंदूक उघडली. झडप काढायला खास पान्हा लागतो, तो नव्हता म्हणून एका पाइपच्या तोंडाला कानशीने दोन दात पाडले. ते घसरले आणि झडपेच्या बैठकीवर एक सुंदर ओरखडा उठला. म्हणजे तासाभरात जाणारी हवा आता दहा सेकंदांत जायला लागली. रविवारी फोनवर बाबांना सांगितलं तर ते पहिलं काय विचारतात, "तेल घातलं होतंस का आधी?"

"नाही."

"मग उघडलीस कशाला रे? वायसर सुकला की गळतो. दोन थेंब घालून रात्रभर ठेवायचा, मग बघायचं. आबा काय पहिल्या दिवशीच पंप खोलायचे का?"

नवीन सुटे भाग मागवले, ते यायला दोन आठवडे लागणार होते. तेवढ्यात जे काय वाचलं ते इथे लिहितोय. बाबांचं ते एक वाक्य साडेतीनशे वर्षं जुनं निघालं.

शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र आठवतंय? धातूचे दोन अर्धगोल, आतली हवा काढलेली, आणि दोन्ही बाजूंनी घोडे ओढताहेत तरी सुटत नाहीत. ऑटो फॉन गेरिके, माग्डेबुर्गचा महापौर, १६५४ ते १६५७च्या दरम्यानचे प्रयोग. घोडे सगळ्यांच्या लक्षात राहतात. दोन अर्धगोलांच्या मध्ये काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही. चामड्याची एक कडी, मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली! ती नसती तर एका गाढवानेसुद्धा ते गोळे सुटे केले असते.

मग येते ती आपल्या गोष्टीतली खरी बंदूक. बार्थोलोमेउस गिरांडोनी नावाच्या टिरोलकडच्या घड्याळजीने बनवलेली, १७८०च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झालेली. इतर सैन्यं तेव्हा दर गोळीला दारू ओतून, गज मारून, मग बार काढत होती. या बंदुकीला नळीत वीसेक गोळ्या भरलेल्या, एकामागून एक झाडता येणाऱ्या. धूर नाही, जाळ नाही, पावसात दारू भिजायची भीती नाही. दस्ता म्हणजेच हवेची टाकी, लोखंडी पत्रा रिव्हेट मारून आणि झाळून बनवलेली. ती भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे! आतला दाब दर चौरस इंचाला ८०० पौंडांच्या आसपास. आपल्या साध्या सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नसतो. एका टाकीत तीसेक गोळ्या चांगल्या जायच्या, आणि शिपायाकडे जादा टाक्या दिलेल्या असायच्या.

एवढी पुढारलेली चीज, आणि १८१५पर्यंत वापरातून पार गेली. का? वाचायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की काहीतरी लढाईचं, राजकारणाचं कारण असेल. कारण निघालं ते आमच्या दुकानातलं. टाकीचा जोड चामड्याच्या वायसरने बंद केलेला असायचा आणि तो वायसर सतत ओला ठेवावा लागायचा. सुकला की हवा गेली. झडपा नाजूक, टाक्या बनवायला कठीण, आणि बिघडलं तर नीट करू शकणारे कारागीर मोजके. लढाईच्या धामधुमीत वायसर ओला ठेवणारा शिपाई कुठून आणायचा? जुनी दारूची बंदूक कुणीही गावठी लोहार नीट करायचा. ही नव्हता करू शकत.

आमच्या धंद्यात याला म्हणतात 'डेमोमध्ये चाललं होतं.' मी गेली पाच वर्षं सपोर्ट प्रोजेक्टवर आहे, त्यामुळे हा परिच्छेद जरा जास्तच मनापासून लिहिला गेलाय, माफ करा.

पण ह्याच जातीची म्हणून सांगितली जाणारी एक बंदूक अमेरिकेत आली. मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची १८०३ ते १८०६ची पॅसिफिकपर्यंतची मोहीम, तिच्यात लुईसजवळ एक एअरगन होती. (ती गिरांडोनीचीच की फिलाडेल्फियाच्या ल्यूकन्सची, यावर जाणकारांत बरीच जुंपलेली आहे. अलीकडे बहुतेकांचा कल गिरांडोनीकडे.) तिची डायरीतली पहिलीच नोंद अपघाताची आहे. १८०३च्या ऑगस्टअखेर, पिट्सबर्गहून निघताना, लुईसने ती कुणालातरी बघायला दिली आणि ती उडाली. चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या कानशिलाला चाटून गोळी गेली. बाई खाली पडली, सगळ्यांना वाटलं गेली. सुदैवाने वाचली. पुढे वाटेत भेटणाऱ्या मूळच्या टोळ्यांपुढे ही बंदूक वारंवार उडवून दाखवली जायची. दारू नाही, धूर नाही, तरी गोळी जाते म्हटल्यावर बघणारे थक्क. मूठभर माणसांच्या तुकडीला तो वचक उपयोगी पडला असणार.

आणि ही बंदूक रस्ताभर चालू कुणी ठेवली? जॉन शील्ड्स नावाच्या लोहाराने. १८०५च्या जूनमध्ये तिची मुख्य स्प्रिंग शील्ड्सने नवी घातल्याची नोंद लुईसने केली आहे. १८०६च्या मार्चमध्ये तर त्याने लिहून ठेवलंय, की सुटे भाग बरोबर आणले नसते आणि शील्ड्सचं डोकं नसतं, तर एव्हाना आमच्या बहुतेक बंदुका निकामी झाल्या असत्या. परतल्यावर सरकारला लिहिलेल्या पत्रातही त्याने शील्ड्सचं नाव घेऊन शिफारस केली. मला हे वाचून फार बरं वाटलं. लुईस-क्लार्कची नावं इथे शाळा, रस्ते, नाणी, सगळीकडे आहेत. शील्ड्सचं नाव मला शोधावं लागलं. पण निदान त्याच्या साहेबाने ते लिहून तरी ठेवलं.

सगळेच साहेब लिहीत नाहीत. १७९५ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. कागदावर अप्रतिम. प्रत्यक्षात दट्ट्याच्या कडेने पाणी गळायचं. भोवतीचं पॅकिंग घट्ट आवळलं की गळती थांबायची, पण मग दट्ट्या अडकायचा. सैल केलं की परत गळायचं. उपाय काढला त्याच्याकडे कामाला असलेल्या हेन्री मॉडस्लेने, असं मानलं जातं. चामड्याची कडी वाटीसारखी वळवली आणि वाटीचं तोंड दाबाकडे ठेवलं. पाण्याचा दाब वाटीच्या आत शिरतो आणि तिचे काठ भिंतीवर दाबून धरतो. जितका दाब जास्त तितका वायसर घट्ट. दाब गेला की आपोआप सैल, दट्ट्या सुखाने परत. ज्या दाबाला अडवायचं त्यालाच कामाला लावायचं! मी हे वाचून लॅपटॉप बाजूला ठेवला आणि दोन मिनिटं नुसता बसलो, कारण आबांच्या वाटीतला वायसर डोळ्यासमोर आला. तीच वाटी. सायकलच्या पंपात तीच. १८९२पासून स्वीडनमध्ये बनू लागलेल्या प्रायमस स्टोव्हच्या पंपात तीच, म्हणजे आजीच्या रॉकेलच्या स्टोव्हमध्येही तीच. आणि शेरिडनच्या दांड्याला लावलेल्या काळ्या वायसरचा आकारही तोच, फक्त चामड्याच्या जागी रबराच्या जातीचं काहीतरी.

मॉडस्लेला तेव्हा आठवड्याला तीस शिलिंग मिळायचे. १७९७ साली त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने ती नाकारली, आणि मॉडस्ले नोकरी सोडून गेला. पुढे त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि स्क्रू कापणाऱ्या लेथसाठी तो इतिहासात राहिला. (ही गोष्ट मी अप्रेझलच्या आठवड्यात टीममधल्या सगळ्यांना सांगितली. परिणाम शून्य.)

यातलं शेवटचं पात्र तर आमच्या गावचंच निघालं. नील्स ख्रिस्टेन्सन, डेन्मार्कहून १८९१ला आलेला. याने मिलवॉकीत ट्रामसाठी हवेच्या ब्रेकचा कारखाना काढला होता. म्हणजे आयुष्यभर हाच उद्योग, हवा धरणे. म्हातारपणी ओहायोत असताना त्याने रबराची एक साधी गोल कडी, तिच्यापेक्षा जराशी लांब खाच करून तिच्यात बसवून पाहिली, आणि ती गळेना. १९३७ला अर्ज, १९३९ला पेटंट. तीच ओ-रिंग. खाचेत ती दाबाने पुढे सरकते आणि फट बुजवते, म्हणजे परत मॉडस्लेचीच युक्ती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ७५ हजार डॉलर देऊन तिचे हक्क घेतले आणि ती सगळ्यांना खुली केली. ख्रिस्टेन्सन १९५२ला गेला. त्याच्या वारसांना आणखी एक लाख डॉलर मिळाले ते १९७१ला.

ओ-रिंग म्हटलं की चॅलेंजर आठवणारच. २८ जानेवारी १९८६. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे रॉजर बॉइसजोली आणि त्याचे सहकारी सांगत होते, इतक्या थंडीत उडवू नका, रबर कडक होतं, फट पडली तर भरायला वेळेत सरकणार नाही. वरच्यांनी ऐकलं नाही. ७३ सेकंदांत सात माणसं गेली. पुढे फाइनमनने सुनावणीत रिंगेचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला, तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीच्या जुलैमध्ये बॉइसजोलीने लेखी इशारा दिलेला होता, तो किती जणांना माहीत असतो?

शेरिडनकडे परत येतो. वॅकरहॅगन आणि क्राउझ या दोघांनी १९४७ला पहिलं मॉडेल काढलं ते ५६ डॉलर ५० सेंटला. एअरगनसाठी तेव्हा ही किंमत म्हणजे चैनच. सुमारे दोन हजारच खपल्या. मग १९४९ला स्वस्त मॉडेल आलं, त्याच घराण्यातली माझी. १९७७ला बेंजामिन कंपनीने शेरिडन घेतली, पुढे क्रॉसमनने बेंजामिनला घेतलं. रसीनचा कारखाना गेला, पण वायसर अजून मिळतो.

पाकीट आलं त्या शनिवारी सगळं नीट बसवलं. पिस्टनमागच्या नमद्याला तेल पाजलं, झडपेची बैठक बारीक पॉलिश पेपरने तासभर घासली. मॅन्युअलवाले सांगतात की बंदूक ठेवताना आत एक पंप हवा ठेवावी, म्हणजे झडपा मिटलेल्या राहतात आणि धूळ शिरत नाही. म्हणजे गिरांडोनीच्या शिपायाचं, बाबांचं आणि यांचं म्हणणं एकच, वायसर नुसता पडून राहिला की मरतो. ती गराज सेलची बंदूक किती वर्षं कोरडी आणि रिकामी पडली होती कोण जाणे. एक पंप मारला, छर्रा न भरता, आणि कपाटात ठेवली.

रविवारी सकाळी उठून आधी तिच्याकडेच गेलो. जुन्या वर्तमानपत्रांच्या खोक्यावर रोखून चाप ओढला. फट्! बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "ठीक. आता आठवडाभर ठेवून बघ."