निळ्या-पिवळ्या ढालीमागचा इतिहास

एप्रिल २००८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संगणक-सुरक्षेवरची आरएसए परिषद भरली होती. तिथे मायक्रोसॉफ्टचे एक अधिकारी डेव्हिड क्रॉस यांनी जाहीरपणे सांगून टाकलं, की विंडोज व्हिस्टामध्ये ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ म्हणजे यूएसी आणलं ते लोकांना वैताग यावा म्हणूनच. हे आपण गमतीने म्हणत नाही, असंही ते म्हणाले.

वैताग तर आलाच होता. काहीही इन्स्टॉल करायला जावं, एखादी सेटिंग बदलावी, की पडदा अंधारायचा आणि मधोमध एक चौकोन उगवून परवानगी मागायचा. अ‍ॅपलने २००७मध्ये याच चौकोनाची टिंगल करणारी जाहिरात काढली. तिच्यात ‘पीसी’ नावाच्या पात्रामागे काळा चष्मा लावलेला एक अंगरक्षक उभा असतो आणि त्या बिचाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला ‘चालू द्यायचं की रद्द करायचं’ असं विचारत राहतो. जाहिरात झोंबणारी होती. पण चौकोनाचा खरा रोख कुणावर आहे, हे तिने सांगितलं नाही. प्रश्न पडद्यासमोर बसलेल्या माणसाला विचारला जात होता. सुधारायचं होतं प्रोग्राम लिहिणाऱ्याला.

हे प्रकरण समजायला बरंच मागे जावं लागतं. एका यंत्रावर एकच माणूस काम करत होता तोवर अधिकाराचा प्रश्नच नव्हता. १९६१मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, अशी तिची रचना होती. मग ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या, त्यांना पासवर्ड, आणि प्रत्येकाला ठरावीक वेळ. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला मिळालेला वेळ पुरेना. त्याने सरळ पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम उरकलं. कुलूप आलं आणि वर्षभरात त्याला वळसाही सापडला.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली, तेव्हा तिच्यात एक सर्वाधिकारी खातं ठेवलं, ‘रूट’. १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच ‘एसयू’ ही कमांड आहे. पासवर्ड द्यायचा आणि रूट व्हायचं. मात्र एक पेच उरत होता. सर्वांचे पासवर्ड एका फाइलमध्ये, आणि त्या फाइलमध्ये फक्त रूटने लिहायचं. मग साध्या माणसाने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? दर वेळी व्यवस्थापकाचं दार ठोठावायचं?

रिचींचं उत्तर एका बिटाएवढं होतं. प्रोग्रामच्या फाइलवर एक खूण करायची. ती असली, की प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे तर प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. म्हणजे अधिकार माणसाला न देता एका ठरावीक कामापुरता प्रोग्रामला द्यायचा. या ‘सेट-यूआयडी’ कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३मध्ये अर्ज झाला आणि १९७९मध्ये ते मिळालं. गंभीर कामाइतकाच तिचा उपयोग खेळातही होता. १९७४च्या प्रसिद्ध शोधनिबंधात रिची आणि थॉम्पसन सांगतात, की ‘मू’ या आकडे ओळखण्याच्या खेळातल्या गुणांच्या नोंदीचा प्रश्न याच युक्तीने सुटतो. गुणांची फाइल खेळाडूच्या हातात दिली, तर तो हरेलच कशाला!

त्या बिटाचं दुखणंही त्यातच होतं. असा प्रोग्राम लिहिताना चूक झाली, तर ती चूकसुद्धा रूटच्या अधिकाराने चालते. लिनक्सवरच्या ‘पीकेएक्सेक’ या प्रोग्राममधली अशी एक चूक २००९पासून तिथेच बसून होती. क्वालिस या कंपनीने ती जानेवारी २०२२मध्ये उघड केली. तोवर तिच्या जोरावर कुठलाही साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता.

१९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडो’ लिहिलं. सर्वाधिकाराचा पासवर्ड दहाजणांना वाटण्यापेक्षा कुणी कुठली कमांड चालवायची याची यादीच ठेवावी, अशी कल्पना. आज मॅक आणि लिनक्स वापरणारे जे सुडो रोज टंकतात, ते तिथूनच आलं.

इकडे घरगुती संगणकाची गोष्ट अगदी वेगळ्या वाटेने गेली. १९८१च्या डॉसला ‘वापरकर्ता’ ही कल्पनाच ठाऊक नव्हती. जो कळफलकासमोर तो मालक. विंडोज ९५मध्ये नाव-पासवर्डाची खिडकी आली, पण एस्केपची कळ दाबली तरी ती बाजूला होऊन डेस्कटॉप समोर यायचा. दोन दशकं प्रोग्राम लिहिणारे याच मोकळ्या रानात वाढले. खेळाची जतन केलेली पातळी, हिशेबाची फाइल, सेटिंग, सगळं प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवून द्यायचं. अडवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ते चूक आहे असंही कुणाला वाटलं नाही.

मायक्रोसॉफ्टकडे खरीखुरी कुलपं असलेली प्रणाली मात्र होती. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत व्हीएमएस ही प्रणाली घडवणारे डेव्ह कटलर १९८८मध्ये मायक्रोसॉफ्टला आले आणि १९९३मध्ये विंडोज एनटी बाहेर पडली. वेगवेगळी खाती, प्रत्येक फाइलवर परवानग्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर वेगळा. विंडोज २०००मध्ये ‘रन अ‍ॅज’ची सोय आली, साध्या खात्यात बसूनच एखादा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाने चालवता येई. २००१च्या एक्सपीने हीच प्रणाली घरोघरी पोचवली. पण पोचवताना घरच्या माणसांची खाती सरसकट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची करून दिली. कारण सरळ होतं: तसं केलं नसतं, तर डॉस आणि विंडोज ९५च्या सवयीचे बरेचसे प्रोग्राम रुसून बसले असते. कुलपं होती, फक्त सगळ्या किल्ल्या त्यांनाच लटकवलेल्या होत्या. ई-मेलमधून आलेली एखादी संशयास्पद फाइल उघडली, की तिलाही संगणकाचा पूर्ण ताबा मिळायचा.

जानेवारी २००२मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षेला नव्या सोयींच्या आधी स्थान द्यायला सांगितलं. त्या वाटेवरचा एक टप्पा म्हणजे यूएसी. व्हिस्टा जानेवारी २००७मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आली, तेव्हा तिच्यातली युक्ती अशी होती: अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने लॉगइन केलं, तरी त्याला दोन ओळखपत्रं मिळत, एक पूर्ण अधिकारांचं आणि एक छाटलेलं. रोजचं काम छाटलेल्यावर चालायचं. पूर्ण अधिकार हवे असतील, तर आधी चौकोन. त्या वेळी पडदा अंधारायचा तो नाटकापुरता नाही. तो चौकोन एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडतो, जेणेकरून दुसऱ्या प्रोग्रामला आपणच ‘होय’वर क्लिक करता येऊ नये.

नव्या प्रोग्रामने आपल्याला कुठला अधिकार लागतो, हे सोबतच्या ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या नोंदीत लिहून द्यायचं होतं. जुन्यांचं काय? तिथे मायक्रोसॉफ्टने केलेल्या खटपटी इतिहासकाराला जास्त आवडाव्यात अशा आहेत. मॅनिफेस्ट नसलेल्या प्रोग्रामच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ असं काही दिसलं, की तो इन्स्टॉलर असणार असं धरून विंडोज परवानगी मागायची. निरुपद्रवी प्रोग्रामलाही असं नाव दिलं, तर त्याच्या चित्रावर परवानगी लागेल असं सांगणारी ढाल चढायची. दुसरी खटपट तर सरळ फसवणूकच होती, चांगल्या हेतूची. जुना प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायला गेला, की विंडोज त्याला नकार द्यायची नाही. ती ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवायची. प्रोग्राम खूश. आपली फाइल कुठे गेली म्हणून शोधणारा माणूस मात्र हैराण.

वैतागाने काम केलं का? केलं, असं मायक्रोसॉफ्टचे आकडे सांगतात. चौकोन उगवायला लावणारे वेगवेगळे प्रोग्राम आणि कामं ७,७५,३१२ होती, ती १,६८,१४९वर आली, असं कंपनीने २००८मध्ये जाहीर केलं. त्याच हिशेबात एक लाजिरवाणी ओळही होती: एकूण चौकोनांपैकी सुमारे ४० टक्के खुद्द विंडोजच दाखवत होती. दुसऱ्यांना शिस्त लावायला निघालेल्याचं स्वतःचं घर तेवढंच पसरलेलं होतं.

ऑक्टोबर २००९च्या विंडोज ७मध्ये म्हणून माघार आली. चौकोन कितपत दाखवायचे हे ठरवणारी चार पायऱ्यांची पट्टी दिली आणि विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच कामांना विनाचौकोन वाट मोकळी केली. ही सवलत स्वतःपुरतीच घेणं कितपत योग्य होतं, हा प्रश्न आहेच. चाचणी आवृत्तीवर तर एका छोट्या स्क्रिप्टने यूएसीच गुपचूप बंद करता येतं, हे तंत्रज्ञांनी दाखवून दिलं आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती करावी लागली. विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी यूएसी ही अभेद्य तटबंदी मानू नका, असं व्हिस्टाच्याच काळात लिहून ठेवलं होतं.

मराठी टंकणाऱ्यांना हा अधिकाराचा जाच आणखी एका बाजूने भोगावा लागला. साधा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या खिडकीत कळा पाठवू शकत नाही, हा नियमही व्हिस्टापासूनचा. कळफलकावर बसून इंग्रजी कळांची देवनागरी अक्षरं करून पाठवणारा प्रोग्राम साध्या अधिकाराने चालू असेल आणि समोरची खिडकी वरच्या अधिकाराची असेल, तर अक्षरं वाटेतच अडतात. फॉन्टचं तसंच. विंडोजचा फॉन्ट-फोल्डर सर्वांचा सामायिक असल्यामुळे ऑफिसच्या संगणकावर एक नवा देवनागरी फॉन्ट टाकायचा, तरी पासवर्डासाठी सिस्टिम सांभाळणाऱ्याला बोलवावं लागे. फक्त स्वतःपुरता फॉन्ट टाकण्याची सोय विंडोज १०मध्ये २०१८ साली आली. डीटीपी करणाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल खूप उशिरा झाला.

फेब्रुवारी २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११साठी चक्क ‘सुडो’ जाहीर केलं. बफेलोतली कल्पना चव्वेचाळीस वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडला पोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ची घोषणा झाली. त्यात छाटलेल्या ओळखपत्राची युक्ती सोडून दिली आहे. वरचे अधिकार हवे असतील, तर विंडोजने स्वतः सांभाळलेल्या एका वेगळ्या, लपलेल्या खात्यातून प्रोग्राम चालतो, आणि त्यासाठी नुसतं ‘होय’ पुरत नाही, पिन, बोट किंवा चेहरा लागतो. खातं वेगळं म्हणजे त्याचे फोल्डर आणि ‘रजिस्ट्री’ या विंडोजच्या सेटिंग-नोंदवहीतला त्याचा भागही वेगळा. साध्या अधिकाराने जतन केलेली सेटिंग वरच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला आता आपोआप सापडत नाही. त्यामुळे आपल्या प्रोग्राममधलं नेमकं कुठलं काम खरोखर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं आहे, याची वाटणी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना पुन्हा एकदा करावी लागते आहे.